श्यामच्या आईला कुणी दाखला मागितला होता?

सांगलीतल्या एका व्याख्यानात परवा एका विद्वानांनी निकाल देऊन टाकला. मुलगा मुलाच्या प्रेमात पडतो आणि घरचे त्याला सांभाळून घेतात, असली कादंबरी कुमारांच्या हाती पडता कामा नये. कारणं तीन: हे खूळ परदेशी, वाचून मुलं बिघडतात, आणि असे आईबाप आपल्याकडे असतात कुठे?

पहिल्याला एक ओळ पुरे. परदेशी होतं ते कलम ३७७; साहेबाने १८६० च्या दंडसंहितेत घातलं आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला, प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं, रद्द केलं. दुसरा आक्षेप तर शिळाच. १९३४ साली मुंबईत एका मराठी मासिकावर, वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून, अश्लीलतेचा खटला चालला होता. मासिक गेलं, शंका आहेतच.

तिसरा आक्षेप मात्र मला सोडवत नाही. ‘श्यामची आई’ १९३५ ची. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून पदर पसरणाऱ्या आया तेव्हा घरोघर होत्या काय? साताऱ्यात आमच्या घरी तरी नव्हत्या. मी तो प्रसंग मोठ्याने वाचत होतो, आई चुलीपुढे होती. हातातली फुंकणी तिने खाली ठेवली आणि म्हणाली, “आम्हाला नाही बाबा असं बोलता येत.” त्या आठवड्यात मार कमी बसला. पुस्तकातली आई खरी की खोटी, हे तिने विचारलं नाही. विद्वानांनीही कधी विचारलं नाही. दाखला मागायची आठवण त्यांना आत्ताच झाली!

बरं, वास्तवच हवं तर सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ पासून आहे. भाऊ आणि बहीण, दोघांचाही जीव घरातल्या एकाच भाडेकरूवर जडतो. तो निघून गेल्यावर बहिणीचं दुःख घराला दिसतं. भावाला रडायचीसुद्धा चोरी. पण विद्वानांना तीही चालत नाही. दुःख लिहिलं की विकृती, सुख लिहिलं की अवास्तव. लेखकाने लिहावं तरी काय, पंचांग?

(सांगलीसारख्या नाट्यपंढरीत हे ऐकावं लागलं, याची गंमत वेगळीच. स्त्रीवेषातल्या नटाचं नेसणं पाहून आपल्याच आज्यांनी लुगडी निवडली. वेष म्हणजे प्रेम नव्हे, कबूल. तरी.)

माझं म्हणणं तसं लहान आहे. ओळखीच्या एका बाईंना मुलाने सगळं सांगितलं. दोन दिवस त्या गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी ताट वाढून म्हणाल्या, “जेवून घे.” पुढचं वाक्य त्यांना सुचेना. ते वाक्य कादंबरीने पुरवावं.

सातारा-सांगलीच्या सभासदांनी आपापल्या वाचनालयाच्या मागणीवहीत अशा पुस्तकांची नावं लिहावीत. वही बहुधा टेबलाच्या खणात असते. मागून घ्यावी लागते.