शिष्यवृत्ती फक्त भावी फादरांनाच का?

सिस्टर राणी मारिया यांचा 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये भोसकून खून झाला. देवास जिल्ह्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांना त्या सावकारांच्या विळख्यातून सोडवत होत्या. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्या धर्मगुरू नव्हत्या, सेमिनरीत शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या समाजात आजही सेवाकार्याच्या शिक्षणाचा पैसा मुख्यतः गुरुदीक्षेच्या वाटेवरच्या मुलांकडे जातो. सिस्टर, कॅटेकिस्ट किंवा एखादी प्रापंचिक मुलगी ईशज्ञान शिकू म्हणाली की तिजोरी रिकामी असते.

या प्रथेला परंपरेचा आधार दिला जातो. तो टिकत नाही. सेमिनरी काढण्याचा आदेश ट्रेंट परिषदेने 1563 साली दिला, तेव्हा गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे आणि श्रीमंतांच्या मुलांनी आपला खर्च आपण करावा, असे ठरले. खर्चासाठी धर्मप्रांतातल्या उत्पन्नांवर कर बसवण्यात आला. म्हणजे मदतीचे मूळ माप गरज हे होते. पुढे मिशन प्रदेशातल्या सेमिनरींसाठी जगभर पैसा उभा करणारी संत पीटर प्रेषित संस्था 1889 साली फ्रान्समधल्या काँ शहरात सुरू झाली, ती स्तेफानी आणि झान बिगार या मायलेकींनी. नागासाकीच्या बिशपांनी स्थानिक मुलांना शिकवायला पैसा नाही असे कळवले होते. मायलेकींनी दारोदार हात पसरले. 1922 साली ही संस्था पोपच्या अधिकाराखाली आली. मुलांच्या शिक्षणाचा निधी बायकांनी उभारला; बायकांच्या शिक्षणाची वेळ आली की हिशेबनीस नियम दाखवतात, हे लाजिरवाणे आहे.

नियमही तसा नाही. 1983 च्या धर्मसंहितेतले कलम 263 सेमिनरीच्या विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी बिशपांवर टाकते, हे खरे. पण कलम 229 प्रापंचिकांना धर्मविद्यापीठात शिकून पदवी घेण्याचा हक्क देते. 10 मे 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्टची सेवा अधिकृत सेवापद म्हणून स्थापन केली, स्त्री-पुरुष दोघांसाठी. पद दिले, फी कोण भरणार?

यावर ठरीव उत्तरे मिळतात. मिस्सा फक्त फादरच अर्पण करू शकतात, हे त्यातले एक. मिस्सेचा प्रश्न कोणी काढलेलाच नाही; खेड्यातल्या मुलांना धर्मशिक्षण कोण देते, हा प्रश्न आहे. सिस्टरांचा खर्च त्यांचा संघ करील, हे दुसरे. पण संघाचा पैसा म्हणजे शाळा-दवाखान्यांत राबणाऱ्या सिस्टरांचीच कमाई. मुली लग्न करून जातील, पैसा वाया जाईल, हे तिसरे, आणि सर्वांत चीड आणणारे. सेमिनरी अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलावर झालेला खर्च वाया गेला असे कोणी म्हणत नाही. त्याच्या पाचारणाची पारख झाली असे समजुतीने म्हटले जाते, आणि ते योग्यच आहे. तीच समजूत मुलीच्या वाट्याला येत नाही. लग्न झालेली बाई घरात, धर्मग्रामात, शाळेत शिकवतेच. तिचे ज्ञान सासरच्या उंबऱ्यावर सांडून जात नाही.

पाचारण रविवार पुनरुत्थान काळाच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने दानाच्या पाकिटावर स्पष्ट लिहावे: सिस्टर, कॅटेकिस्ट आणि प्रापंचिकांच्या ईशज्ञान शिक्षणासाठीही. त्यातला किती पैसा त्यांच्या फीकडे गेला, हे धर्मग्राम परिषदेत उभे राहून विचारावे, आणि आकडा मिळेपर्यंत खाली बसू नये.