वाट वहिवाटीची



आज स्वयंपाकघराला थोडी सुट्टी देऊ या आणि पायांत बूट चढवू या. आपण फिरायला जाणार आहोत, आणि तेही इंग्लंडमधल्या शेतांतून!

ह्यांच्या नोकरीमुळे चार वर्षांपूर्वी आम्ही ऑक्सफर्डजवळ राहायला आलो. आठवड्यातले तीन दिवस मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, बाकीचा वेळ घर एके घर. पहिली दोन वर्षं इथलं हिरवं रान मी फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिलं. शेतात पाऊल टाकायची भीतीच वाटे. परक्याचं रान, आपण परक्या देशातल्या. कुणी हटकलं तर काय सांगायचं?

शाळेतल्या एका वयस्कर बाईंनी ही भीती घालवली. त्यांनी मला नारिंगी वेष्टनाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा दाखवला. त्यावर हिरव्या तुटक रेघा होत्या. "या सगळ्या पायवाटा. शेत कुणाचंही असो, वाट सर्वांची," त्या म्हणाल्या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत बरं का! १९४९ साली झालेल्या कायद्यानं प्रत्येक परगण्याला आपापल्या वाटांची नोंद करून पक्का नकाशा ठेवणं भाग पडलं. लोक एखाद्या वाटेनं वीस वर्षं बिनरोक, परवानगी न मागता येत-जात असतील, तर ती सार्वजनिक झाली असं कायदा सहसा धरून चालतो. आपल्याकडे 'वहिवाट' म्हणतात ना, तसंच काहीसं. शेतकऱ्यानं शेत नांगरलं आणि मधून जाणारी वाट मोडली, तर साधारण चौदा दिवसांत त्यानं ती पुन्हा नीट करून द्यायची. मात्र आपणही वाट सोडून पिकात शिरायचं नाही. हक्क वाटेपुरताच!

हे सगळं लोकांना फुकट मिळालेलं नाही. माळरानावर फिरायची मोकळीक मिळावी म्हणून २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बंदी मोडून चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं.

आता माझ्या आवडत्या वाटेकडे वळते. गेल्या वर्षी मे महिन्यात सासूबाईंना घेऊन गेले होते. मामंजी जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या इथे आल्या खऱ्या, पण खिडकीशी बसून राहत. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. कराडजवळच्या खेड्यात जन्मभर रानात राबलेली बाई चार भिंतींत कोमेजून चालली होती. ह्यांनी डॉक्टरांचं नाव काढलं. मी म्हटलं, "आधी एकदा माती तर दाखवू या."

ऑक्सफर्डहून आगगाडीनं मोर्टन-इन-मार्श, तिथून बसनं बोर्टन-ऑन-द-वॉटर. या गावातून विंडरश नदी वाहते. नदी कसली, आपल्या ओढ्याएवढीच! त्यावर कमरेइतके बुटके दगडी पूल. इथून लोअर स्लॉटर आणि पुढे अपर स्लॉटर अशी दोन खेडी गाठायची. 'स्लॉटर'चा कत्तलीशी संबंध नाही हं. चिखलाची जागा अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून हे नाव आलं असं मानतात. जाऊन-येऊन चार-साडेचार मैल. चढ जवळजवळ नाहीच. रमतगमत तीन तास पुरतात.

सासूबाईंनी नेहमीचं सुती लुगडं थोडं वर खोचलं आणि खाली माझे जुने बूट घातले. रोमन काळापासूनचा फॉस वे हा मोठा रस्ता ओलांडला की कुरणं सुरू होतात. खांबावर पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे तिथून घोडेस्वार आणि सायकलवालेही जाऊ शकतात. कुंपणांवर पांढरा फुलोरा होता आणि मेंढ्यांच्या मागे कोकरं बागडत होती. सासूबाई हळूहळू बोलू लागल्या. "गवत किती दाट! पण माती चिकट दिसते."

मग आलं एक गमतीचं फाटक. अर्धगोल कठड्यात झुलणारं. माणूस आत शिरून, फाटक सरकवून पलीकडे निघतो, जनावर मात्र अडकतं. याचं नाव 'किसिंग गेट'! फाटकाचं टोक कठड्याला टेकतं म्हणून हे नाव. सासूबाईंना हे सांगताना माझी कोण तारांबळ! त्या मात्र कित्येक महिन्यांनी खुदकन हसल्या.

लोअर स्लॉटरला मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, मधून वाहणारी आय नावाची नदी आणि विटांचं धुराडं असलेली जुनी पाणचक्की. गिरणीमागून वाट पुन्हा कुरणांत शिरते आणि अपर स्लॉटरला पोहोचते. दोन्ही महायुद्धांत या गावातून लढायला गेलेली सगळी माणसं जिवंत परत आली. इंग्लंडात अशी गावं फार थोडी. हे ऐकून सासूबाईंनी हात जोडले.

तिथे नदीकाठी दशम्या सोडल्या. सासूबाई समोरच्या रानाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "हे शेत एका माणसाचं, आणि त्यातून सगळ्या जगानं चालायचं?"

"हो आई. अडवलं तर तो गुन्हा होतो."

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपण अडवली होती गं."

मला ठाऊक नव्हतं. धाकट्या चुलत सासऱ्यांच्या विहिरीकडे जाणारी वाट आमच्या बांधावरून होती. वाटणीत बिनसलं आणि मामंजींनी बांध नांगरून वाट मोडली. तहसील कचेरीत दावा गेला, तारखा पडत राहिल्या. "धाकटी जाऊ डोक्यावर भारा घेऊन ओढ्यातून फिरून जायची. मी दारातून बघायची. एकदा पाय घसरून पडली, तरी मी उठले नाही. 'यांना' काय वाटेल म्हणून." मामंजी गेले तेव्हा जाऊबाई आल्या, उंबऱ्याबाहेरूनच परतल्या. हीच सल घेऊन सासूबाई खिडकीशी बसत होत्या, आणि आम्ही आपली भूक लागायच्या गोळ्या शोधत होतो!

परतीच्या वाटेवर प्रत्येक फाटक त्यांनी स्वतः नीट लावलं. रविवारी म्हणाल्या, "धाकटीचा नंबर लावून दे." फोनवर पावसाचं बोलल्या, गुडघ्यांचं बोलल्या, वाटेचा शब्दही नाही. तिसऱ्या फोनला म्हणाल्या, "मी आले की खुणा रोवून घेऊ." दिवाळीत त्या गेल्या. दिरांनी आधी कुरकुर केली. संक्रांतीला जाऊबाई तिळगूळ घेऊन आल्या त्या मात्र बांधावरूनच.

तुमच्यापैकी कुणी मुलांकडे इंग्लंडला जाणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा:

मे ते सप्टेंबर हवामान बरं, तरी पावसाचा कोट पिशवीत असू द्या. बूट चिखल सोसणारे हवेत, चपला नकोत. पायमोजे उंच घाला, कारण वाटेकडेला 'नेटल'ची झुडपं असतात, त्यांचा स्पर्श झाला की आग होते. फाटक जसं असेल तसंच ठेवून पुढे जा. वासरं असलेल्या गाईंपासून लांबून चला, मध्ये शिरू नका. रविवारी खेड्यांत बसगाड्या कमी असतात, म्हणून शनिवार बरा. फोनमध्ये नकाशा असला तरी कागदी नकाशाही घ्या. खाण्याला दशम्या किंवा तिखटामिठाच्या पुऱ्या उत्तम, आणि थर्मासमध्ये चहा.

आणि इंग्लंडला जाणं नसेल तर? आपल्या बांधावर, वाड्याच्या मागच्या दारी, नाहीतर सोसायटीच्या जिन्यात एखादी बंद पडलेली वाट असेलच. ती आपणच तर अडवलेली नाही ना, एवढं बघून या. मी दाराआडून बघणारी होते की उठून जाणारी, हा प्रश्न त्या दिवसापासून मीही स्वतःला विचारते आहे.