टाके नाहीत, पण जखम आहे!

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या २०१९ च्या शासकीय पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणून पाळीत फार रक्त जात असेल तर ‘पिशवी न काढता उपाय होईल का?’ हे प्रत्येक स्त्रीने विचारलेच पाहिजे. पिशवीच्या आतील बाजूस गाठ किंवा मांसाचा कोंब असेल, तर तो बऱ्याचदा योनीमार्गे दुर्बीण घालून काढता येतो. पोटावर छेद नाही, टाके नाहीत, बहुधा एक-दोन दिवसांत सुट्टी.

परंतु टाके नाहीत म्हणजे जखम नाही, हा समज चुकीचा आहे. गाठ कापताना लहान रक्तवाहिन्या उघड्या पडतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पिशवीत भरलेल्या द्रावणाच्या दाबाने त्या दबून राहतात. दाब उतरल्यावर रक्त सुरू होऊ शकते. पुढे पिशवीचे स्नायू आकसून ते बहुधा आपोआप थांबते. न थांबल्यास पिशवीत रबरी नळीचा फुगा फुगवून दाब देतात. हे काम दवाखान्यातच होते, घरी नव्हे.

काही दिवस, कधी दोन आठवडेही थोडे लाल-तपकिरी डाग पडणे साधारण आहे. मात्र सलग दोन तास दर तासाला एक पॅड वा घडी भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर, ताप, घाण वास किंवा वाढती पोटदुखी असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील खेड्यातून रात्री सेवाग्राम वा सावंगी गाठणे सोपे नाही. त्यात आपल्या भगिनींच्या अंगात रक्त आधीच कमी असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते १२ पेक्षा कमी असेल आणि घाई नसेल, तर आधी रक्त वाढवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास डॉक्टरांना सांगावे. त्या परस्पर बंद करू नयेत.

माझे स्पष्ट मत आहे की, सुट्टीच्या कागदावर धोक्याची ही लक्षणे मराठीत लिहून द्यावीत आणि सोबत रात्री उचलला जाणारा फोन नंबरही द्यावा. तो कागद नवऱ्यालाही वाचून दाखवावा. रक्त किती जाते हे सासूला, नवऱ्याला सांगण्यात लाज कसली? लपवलेला रक्तस्राव जिवावर बेततो.