रामलिंगच्या घाटात ड्रोन उडवणाऱ्यांनो, जरा ऐका

२०२४ चा पावसाळा आठवतो का? रात्री-बेरात्री गावावरून ड्रोन फिरायला लागले अन् आपल्या आणि बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. चोर आहेत का सर्व्हे आहे, कुणालाच कळेना. लेकरं घाबरली, बायामाणसं अंगणात झोपेनात. आम्ही पत्रकारांनी त्यावर पंधरा दिवस बातम्या चालवल्या. डोक्यावर घरघर करणारी, ओळख नसलेली वस्तू आली की कसं वाटतं, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही.

मग तीच वस्तू घरट्यावर बसलेल्या पाखराच्या डोक्यावर नेताना आपला हात का थरथरत नाही?

आधी स्वतःचं सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सूर्योदयाच्या शॉटसाठी मी ड्रोनवाल्या पोराला घेऊन बालाघाटाच्या एका कड्यावर गेलो. ठिकाण मुद्दाम लिहीत नाही. ड्रोन वर जाऊन पाच मिनिटं झाली नसतील, तर दोन मोठे पक्षी कड्यातून निघाले. एक वर चढला अन् सरळ ड्रोनवर झेपावला. आम्ही खुश! "राव, काय फुटेज मिळालं!" तो व्हिडिओ टाकला, भरपूर चालला. नंतर पक्ष्यांतल्या एका जाणकार मित्राने पाहिला अन् फोनवर नुसताच गप्प राहिला. मग म्हणाला, ती मोरघार होती. जोडी होती. म्हणजे घरटं तिथंच होतं. तू तिला उडवलंस, तेवढा वेळ खाली अंडी किंवा पिल्लं उघडी पडली.

मोरघार हिवाळ्यात घरटं धरते. कड्याच्या कपारीत नाहीतर उंच झाडावर. मार्च-एप्रिलचं आपलं ऊन काय असतं हे तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात आई पंख पसरून पिल्लांवर सावली धरते. ती ड्रोनमागे गेली की पिल्लू भाजतं. आपल्याला दिसतो फक्त तिचा "ॲटॅक". शृंगी घुबडाचंही तसंच, ओढ्याच्या दरडीत, कपारीत त्याचा संसार असतो, हिवाळा-उन्हाळ्यातच.

अन् जनावर पळालं नाही म्हणजे त्याला फरक पडला नाही, हाही गैरसमज. अमेरिकेत मिनेसोटामध्ये संशोधकांनी काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र बसवून वर ड्रोन नेला. बहुतेक अस्वलं जागची हलली नाहीत. पण ठोके वाढले, एका अस्वलाचे तर मिनिटाला १२३ ने. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका इथं एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत पडला. हजारो पक्षी घाबरून उडाले ते परत आलेच नाहीत, दीड हजाराच्या वर अंडी वाळूत तशीच राहिली. एक ड्रोन. तोही मुद्दाम पाडलेला नव्हे.

आता कायदा. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला अन् दोन किलोपर्यंतच्या बिगरव्यावसायिक ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. आपली पोरं एवढंच वाचतात अन् "आपलं लीगल आहे" म्हणतात. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो ड्रोनचं वजन विचारत नाही. त्यात "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत जनावराला हाकणं येतं, अन् पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. बंदूक लागत नाही. येडशी-रामलिंगचं जंगल तर अभयारण्य आहे, तिथं शूटिंगला वनखात्याची परवानगी लागते. देवळात दर्शनाला जाणं वेगळं अन् जंगलावर ड्रोन सोडणं वेगळं.

याच अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून वाघ आला. जिल्ह्याची छाती फुगली. अन् लगेच "वाघाचा ड्रोन व्हिडिओ आहे का?" म्हणून विचारणारे फोन सुरू झाले, मलाही आले. वनखात्याने शोधासाठी ड्रोन वापरणं समजू शकतो. तुझ्या चॅनेलसाठी वाघाला हुडकणं हे कशात बसतं? बिथरलेला वाघ वस्तीकडे वळला तर जनावरं कुणाची जातील? शेतकऱ्याचीच ना.

काही जण म्हणतील, पत्रकारसाहेब, डोंगरावर एवढ्या पवनचक्क्या फिरतायत, त्यांच्या पात्यांवर लिहा की. लिहिणार. त्याचा हिशोब वेगळा आहे अन् मोठा आहे. पण शेजाऱ्याने विहीर बुजवली म्हणून आपण आड बुजवायचा का? अन् हे पक्षी काही फुकटचे पाहुणे नाहीत. कापशी घार दिवसभर शेतावर एका जागी फडफडत थांबते ती उंदरासाठी. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवते माळरानावर नाकतोडे अन् उंदीर टिपतात. घुबड रात्रपाळी करतं. हरभऱ्यातल्या उंदराला औषध घालायला किती पैसे जातात ते शेतकऱ्याला विचारा.

उडवूच नका असं मी म्हणत नाही. नळदुर्गचे नर-मादी धबधबे पावसाळ्यात वरून सुंदर दिसतात, मलाही आवडतात. (किल्ल्यावरच्या परवानगीचं तेवढं आधी बघा.) पण डिसेंबर ते मे कड्यांकडे अन् ओढ्यांच्या दरडींकडे ड्रोन नेऊच नका. उडवण्याआधी दहा मिनिटं नुसतं आभाळ बघा. घार, गरुड, ससाणा घिरट्या घालत असेल तर पेटी उघडू नका. उडवल्यावर पक्षी अंगावर आला तर शॉट घेत थांबू नका. झेप वरून येते, म्हणून ड्रोन उंच काढा, लांब न्या अन् उतरवा. कुठल्याही पक्ष्यावर सरळ वरून खाली येऊ नका. फ्रान्समध्ये केलेल्या प्रयोगात पाणपक्षी सगळ्यात जास्त त्यालाच बिचकले होते. काळविटांच्या कळपामागे ड्रोन लावून पळवणारे जे रील्स फिरतात, ते लाईक करू नका, वनखात्याला पाठवा.

वनखात्यालाही एक विचारायचं आहे. रामलिंगच्या पार्किंगमध्ये "ड्रोन उडवण्यास मनाई" असा मोठा, मराठीतला फलक लावायला किती खर्च येतो? दंड काय होईल तेही त्यावर लिहा. या आठवड्यात लेखी निवेदन देतोय. सोबत सही करायला कुणी येणार असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.

माझा तो मोरघारीचा व्हिडिओ पेजवरून काढलाय. कुणाकडे फॉरवर्ड आला असेल तर पुढे पाठवू नका.