खेळ, नफा आणि शेवटची पंगत



मागच्या महिन्यात रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर सातवीतला एक मुलगा मागे रेंगाळला. बाकीची मुले जाईपर्यंत त्याने बाकावरची पुस्तके उगाचच दोनदा रचून ठेवली. मग खाली बघत म्हणाला, "सर, पप्पांच्या खात्यातून सहा हजार गेले. मीच घेतले."

"कशाला रे?" आम्ही विचारले.

"पेट्यांसाठी."

पेट्या म्हणजे काय, हे त्यानेच आम्हाला समजावले. मामाने दुबईहून आणलेला कन्सोल घरी आहे. त्यावरचा लढाईचा एक खेळ रीतसर पैसे मोजून घेतलेला. पण खेळात शिरल्यावर कळते की चांगले योद्धे पेट्यांत बंद आहेत. पैसे द्या, पेटी उघडा. आत कोण निघेल ते नशीब! "अजून एक उघडली की येईल, असं वाटत होतं. तो आलाच नाही," मुलगा म्हणाला.

आम्ही त्याच्यासोबत घरी गेलो. वडील आधी रागावले, मग गप्प झाले, मग आईने चहा ठेवला. निघताना पोराने फाटकापाशी विचारले, "सर, खेळ तर आपण विकत घेतलेला असतो ना? मग ते असं का करतात?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज देऊन पाहतो.

आधीच सांगतो, व्हिडिओ गेम म्हटले की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकी आम्ही नाही. नव्वदीच्या दशकात बेळगावात आमच्या गल्लीत एकाच घरी 'टीव्ही गेम' होता. दोन रिमोट आणि खेळणारी पोरे सात. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. मारिओ खड्ड्यात पडला की रिमोट पुढच्याच्या हातात. त्या सुट्ट्यांनी आम्हाला रांगेत थांबायला आणि हरायला शिकवले. पुढे कळले की असली बरीचशी यंत्रे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राची नक्कल होती, आणि आमच्या आनंदातला एक पैसाही खेळ रचणाऱ्यांपर्यंत पोहोचला नसावा. तेव्हा नफ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला जरा बेतानेच वापरावा लागतो. ज्याने कष्ट केले त्याच्या ताटात पडलेच पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच, की पंगतीचा एक क्रम असतो. आपल्याकडे लग्नकार्यात पाहुणे आधी जेवतात आणि घरचे शेवटच्या पंगतीला बसतात. यजमान उपाशी राहत नाही, पण तो पहिल्या पंगतीत पाट अडवून बसला तर पाहुणे पुन्हा त्या घरची पायरी चढत नाहीत. खेळाच्या धंद्यात खेळणारा हा पाहुणा आणि नफा हा यजमान. हा क्रम पाळला तेव्हा काय झाले आणि मोडला तेव्हा काय झाले, हे या धंद्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

अमेरिकेतली अटारी ही घरोघरी कन्सोल नेणारी पहिली मोठी कंपनी. १९७६ मध्ये ती वॉर्नर कम्युनिकेशन्सने विकत घेतली. तिथले खेळ रचणारे कारागीर आपले नाव खेळावर असावे आणि विक्रीतला थोडा वाटा मिळावा, एवढेच मागत होते. ते मिळेना, म्हणून १९७९ मध्ये चार जण बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन उभी केली. पुढे १९८२ मध्ये 'ई. टी.' हा गाजलेला चित्रपट आला. त्याचा खेळ नाताळच्या बाजारात आलाच पाहिजे, असे ठरले. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या हुशार कारागिराला त्यासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळ फसला. नाताळच्या सकाळी मुलांनी वेष्टन फाडले आणि संध्याकाळी ती कंटाळली. सप्टेंबर १९८३ मध्ये न खपलेला माल ट्रकांनी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत नेऊन पुरला गेला. २०१४ मध्ये ती जागा खणली, तेव्हा मातीतून ती कार्ट्रिजे खरोखरच निघाली. त्या काळात अमेरिकेतला कन्सोलचा बाजारच कोसळला. त्याला कारणे अनेक होती, पण खेळणाऱ्याला गृहीत धरणे हे त्यातले मोठे कारण.

आता दुसरी बाजू पाहा. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई एकदा रेल्वेने चालले होते. शेजारचा कंटाळलेला नोकरदार वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसला होता. योकोईंना त्यात माणसाची गरज दिसली आणि त्यातून १९८० मध्ये हातात मावणारा 'गेम अँड वॉच' जन्मला. पुढे त्यांच्याच चमूने १९८९ मध्ये 'गेम बॉय' आणला. त्याचा पडदा साधा, बिनरंगी. प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत पडदे होते, पण त्यांचे सेल बघता बघता संपत. गेम बॉय चार सेलांवर कितीतरी तास चाले, खिशाला परवडे आणि पडला तरी सहसा फुटत नसे. रंगीत भावंड धरून तो जगभर सुमारे ११.८ कोटी खपला. नफा झाला, भरपूर झाला, पण शेवटच्या पंगतीला.

याच कंपनीचे सातोरू इवाता मुळात खेळ रचणारे, पुढे अध्यक्ष झाले. २०११ मध्ये त्यांच्या 'थ्रीडीएस' या नव्या यंत्राला उठाव मिळेना. काही महिन्यांतच अमेरिकेतली किंमत २५० डॉलरवरून १७० वर आणावी लागली. इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला आणि ज्यांनी आधीच जास्त पैसे मोजून यंत्र घेतले होते त्यांना वीस खेळ मोफत दिले. २०१४ मध्ये पुन्हा वाईट दिवस आले, तेव्हाही त्यांनी आपल्याच पगाराला कात्री लावली. हिशेब चुकला तर भुर्दंड आधी कोणी सोसायचा, हे त्यांना ठाऊक होते.

या धंद्याची एक खुबीही समजून घ्यावी. कन्सोल अनेकदा तोट्यात विकला जातो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. मग पैसा येतो कुठून? खेळांतून. त्या यंत्रावर दुसऱ्याचा खेळ विकला गेला की साधारण तीस टक्के यंत्रवाल्याचे. आवळा देऊन कोहळा काढण्यातलाच हा प्रकार, पण यात फसवणूक नाही. खेळाची किंमत दुकानात लिहिलेली असते. परवडली तर घ्या.

बिघडले ते पुढे. खेळ एकदाच विकून भागेना. तोच खेळ, तोच गिऱ्हाईक, पण त्याच्या खिशातून दर आठवड्याला काही ना काही यावे, असे वाटू लागले. त्यातूनच त्या पेट्या आल्या. २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या पूर्ण किमतीच्या खेळात डार्थ व्हेडरसारखे लाडके पात्र मिळवायला कित्येक तास राबावे लागेल, अशी रचना होती. पैसे टाकून पेट्या घेतल्या तर प्रगती लवकर. खेळणारे इतके संतापले की बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीने पैशांची खरेदी बंद केली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही नामवंत खेळांतल्या अशा पेट्या तपासल्या आणि तो जुगारच आहे, असे सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'ची कंपनी एपिक हिने अमेरिकेत ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यातले साडेचोवीस कोटी अशा आरोपावरून, की बटणांची मांडणीच अशी होती की खेळणाऱ्याकडून नकळत खरेदी व्हावी.

आमच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बाळ, ते असे करतात कारण तुझा आनंद त्यांच्या हिशेबात उरलेला नाही, तुझी हुरहुर उरली आहे. आनंद झालेले मूल खेळ संपवून अंगणात पळते. हुरहुर लागलेले मूल आणखी एक पेटी उघडते. आनंदात पोट भरते आणि हुरहुरीत भूक वाढते, म्हणून वहीत हुरहुरीला भाव जास्त.

पण ही वही तरी खरी ठरते का? ६ सप्टेंबर २०२४ हा दिवस आठवा. सोनी कंपनीच्या दारात त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. 'कॉन्कॉर्ड' नावाचा खेळ, ज्यावर कित्येक वर्षे काम झाले होते, अवघ्या दोन आठवड्यांत बंद पडला. गिऱ्हाइकांचे पैसे परत द्यावे लागले आणि पुढच्याच महिन्यात तो बनवणारा स्टुडिओ मिटला. कारागिरांचा दोष आम्ही मानत नाही. २०२२ मध्येच कंपनीने जाहीर केले होते की वर्षानुवर्षे चालणारे आणि वर्षानुवर्षे कमावणारे दहाहून अधिक ऑनलाइन खेळ आणायचे. म्हणजे आकडा आधी ठरला, खेळ नंतर. आणि त्याच दिवशी, त्याच कंपनीचा 'ॲस्ट्रो बॉट' बाजारात आला. एक छोटा यंत्रमानव उड्या मारत जातो, पायाखालची वाळू, पाणी, गवत रिमोटच्या थरथरीतून हाताला जाणवते. पेट्या नाहीत, वर्गणी नाही. एकदा पैसे द्या आणि खेळा. लहानशा चमूने केलेल्या या खेळाला डिसेंबरमध्ये गेम अवॉर्ड्सचा वर्षातला सर्वोत्तम खेळ हा मान मिळाला. यापेक्षा उघड धडा कोणता हवा?

कोणी म्हणेल, तुम्ही बाहेरून बोलता, खर्चाचे काय? प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये न्यायालयात उघड झालेल्या कागदपत्रांवरून कळले की सोनीच्या एकेका मोठ्या खेळाला २० कोटी डॉलरहून जास्त खर्च आला होता. शेकडो माणसांची घरे त्यावर चालतात. पूर्वी यंत्र जुने झाले की स्वस्त होई. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि नऊ वर्षांनी ९९ ला मिळू लागला. प्लेस्टेशन ५ मात्र पाच वर्षांनी पन्नास डॉलरने महाग झाला. सुट्या भागांची महागाई आणि आयातकर आहेत, हे आम्ही मान्य करतो. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोनेही 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ला ८० डॉलर किंमत लावली. महाग आहे, पण समोर लिहिलेली किंमत ही प्रामाणिक गोष्ट आहे. वडील ती वाचून 'नको' म्हणू शकतात. बारा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याखाली लपवलेल्या किमतीला 'नको' कोण म्हणणार?

आणि एक गोष्ट हातातून निसटते आहे, ती म्हणजे खेळ उसना देण्याची. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरवले होते की नव्या एक्सबॉक्सला दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी द्यावी लागेल आणि जुन्या डिस्क देण्याघेण्यावर बंधने येतील. सोनीने लगेच एक इवलीशी चित्रफीत काढली. तिच्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी देतो, बस्स, खेळ उसना दिला! लोकांनी एवढा गदारोळ केला की मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच निर्णय फिरवला. आज डिस्कची खाचच नसलेली यंत्रे दोन्ही कंपन्या विकतात आणि कोणी चकार शब्द काढत नाही. ज्या वस्तूत शेजाऱ्याला वाटा देता येत नाही, ती आपली झाली असे आम्हाला पुरते वाटत नाही.

मग आपण काय करायचे? आम्ही पालकांना चार साध्या गोष्टी सांगतो. शक्य तिथे एकदाच पैसे घेणारा पुरा खेळ घ्या. डिस्क मिळत असेल तर डिस्क घ्या, आणि ती उसनी द्या. यंत्रात खरेदीवर कुलूप लावायची सोय असते, ते लावा आणि कार्डाचा नंबर त्यात साठवू नका. चौथी गोष्ट सगळ्यात अवघड: अर्धा तास मुलाशेजारी बसून खेळा. पेटी कुठे आहे ते तेव्हाच दिसते. २०१३ आणि २०१७ मध्ये जगातल्या मोठ्या कंपन्या झुकल्या त्या साध्या खेळणाऱ्यांपुढे, हेही विसरू नका.

त्या मुलाने सहा हजार फेडायला वडिलांच्या दुकानात सुट्टीचे तास द्यायचे ठरवले आहे. कन्सोल त्याच्या वडिलांनी फेकला नाही, हे बरे केले. परवाच्या रविवारी तो यंत्र पिशवीत घालून सभागृहात घेऊन आला, सोबत फुटबॉलची एक जुनी डिस्क. दोन रिमोट आणि पोरे अकरा. हरेल त्याने रिमोट पुढे द्यायचा, असा नियम त्यानेच घातला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही पण या."

आम्ही पाच-शून्य हरलो आणि रांगेत मागे जाऊन उभे राहिलो.