खंड कोणाचा?

जून महिना उजाडला की तालुक्याच्या गावी मुद्रांक विक्रेत्यांपाशी विद्यार्थ्यांची रीघ लागते. शिक्षणात मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर पुढील प्रवेशासाठी 'गॅप'चे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. चांदवडही ह्याला अपवाद नाही. ह्या कागदाचा मसुदा सर्वत्र जवळजवळ एकच असतो. मधल्या काळात मी अन्यत्र प्रवेश घेतला नाही आणि कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता! म्हणजे वर्ष का गेले हे सांगण्यापूर्वीच आपण गुन्हेगार नाही हे शपथेवर सांगावयाचे. मोकळ्या गेलेल्या काळाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, ह्याचा हा उत्तम नमुना म्हणावा लागेल. 2020 च्या महासाथीने ज्यांच्या उमेदीची दोन वर्षे गिळली, त्या तरुणांना नोकरीच्या मुलाखतीत आजही ह्याच संशयाला तोंड द्यावे लागत आहे.

चांदवड हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. होळकरांच्या रंगमहालामुळे ते इतिहासात गाजले आणि 1928 साली स्थापन झालेल्या नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमामुळे शिक्षणाचे केंद्र बनले. येथे शिकलेली मुले सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, चाकणला किंवा स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला जातात. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी सुरू झाली आणि ह्याच महामार्गावरून उत्तरेकडील मजुरांचे तांडे पायी निघाले. त्यांच्या हालअपेष्टांची चर्चा देशभर झाली. ती व्हावयासच हवी होती. परंतु त्याच दिवसांत आसपासच्या खेड्यांत शहरांतून परतलेल्या पदवीधरांची दखल कोणी घेतली नाही. ते घरीच होते, उपाशी नव्हते, एवढ्यावरून त्यांचे काही बिघडले नाही असे गृहीत धरले गेले.

वस्तुतः हे तरुण रिकामे बसले नव्हते. टाळेबंदीतून शेतीकामाला सूट होती आणि ते दिवस उन्हाळ कांद्याच्या काढणीचे होते. प्रतवारी करणे, चाळ भरणे, वाहन मिळवून माल बाजार समितीत नेणे, पट्टीचा हिशेब ठेवणे ही कामे पडत्या भावात कोणी तरी केलीच. सप्टेंबर 2020 मध्ये शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली, तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणाऱ्या पथकांत स्वयंसेवकही होते. तथापि ह्यांपैकी एक ओळही बायोडेटात उतरत नाही. पगारपत्रक नाही म्हणून ते काम नव्हे, ही समजूत मालकांची आहे तशी खुद्द तरुणांचीही आहे. दुर्दैवाने ती घरातल्या वडीलधाऱ्यांचीही आहे.

सरकारी नोकरीच्या आशेवर असलेल्यांची कथा निराळी. 4 मे 2020 रोजी वित्त विभागाने आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नव्या भरतीला मनाई केली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 रोजी व्हावयाची होती. ती वारंवार पुढे ढकलली जाऊन 21 मार्च 2021 रोजी झाली. जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात मार्च 2019 मध्ये निघाली होती. ती परीक्षा झालीच नाही; 2022 मध्ये सारी प्रक्रिया रद्द होऊन उमेदवारांचे शुल्क परत करण्याचे ठरले. शुल्क परत करता येते, वर्षे परत करता येत नाहीत.

शासनाने निदान हे नुकसान मान्य केले, ह्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. 1 मार्च 2020 ते 17 डिसेंबर 2021 ह्या काळात ज्यांची वयोमर्यादा ओलांडली गेली त्यांना एक संधी देण्यात आली आणि पुढे 2023 अखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी दोन वर्षांची शिथिलता मिळाली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांची अशीच मागणी मात्र सर्वोच्च न्यायालयाने 24 फेब्रुवारी 2021 रोजी फेटाळली. पण वय शिथिल केले म्हणून जागा वाढत नाहीत. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले. साचलेले पाणी एकाच मोरीतून जाऊ पाहत होते.

सेवापुस्तक हाताळणाऱ्या कारकुनांना आणि शिक्षकांना 'सेवाखंड क्षमापित करणे' हा शब्दप्रयोग चांगला परिचित आहे. मे 1974 च्या रेल्वे संपानंतर अनेक कर्मचारी बडतर्फ झाले, कित्येकांच्या नोंदीत सेवाखंड आला. चांदवडपासून जवळच असलेल्या मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात त्या संपाची आठवण निघतेच. 1977 मध्ये दिल्लीत सरकार बदलले आणि ती शिक्षा मागे घेतली गेली. तात्पर्य असे, की नोंदीतला खंड हा निसर्गनियम नव्हे. तो लिहिणाऱ्याच्या निर्णयाने पडतो आणि निर्णयानेच भरून निघतो. संपात उतरणाऱ्यांनी निदान तो मार्ग स्वतः निवडला होता. 2020 चा खंड ज्यांच्या वाट्याला आला त्यांना कोणी विचारलेही नव्हते. असे असता खाजगी मालकाने तो क्षमापित न करणे हे तर्काला धरून नाही. टाळेबंदीत त्याचाही कारखाना बंद होताच. त्या वर्षीचा घाटा तो बँकेपुढे ताठ मानेने मांडतो.

मग तरुणांनी काय करावे? काही जण ओळखीच्या दुकानदाराकडून अनुभवाचा खोटा दाखला आणतात. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हा मार्ग घातक आहे. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी लागल्याची व सुटल्याची तारीख नोंदलेली असते आणि मोठ्या कंपन्या ती पडताळून पाहतात. रिकामी ओळ असलेला उमेदवार निदान मुलाखतीला तरी बोलावला जातो. खोट्या ओळीचा उमेदवार रुजू झाल्यावरही काढला जातो. त्यापेक्षा नोकरी कोणत्या महिन्यात आणि का गेली, नंतर घरच्या किती एकर शेतीचा हिशेब सांभाळला, किती विद्यार्थ्यांना शिकवले, हे दोन सरळ ओळींत लिहावे. ग्रामपंचायतीने किंवा आरोग्य केंद्राने स्वयंसेवकांना आजही पत्र द्यावयास हरकत नसावी. नोंदी दप्तरात असतील तेथे ते एका दुपारचे काम आहे.

हे उपाय अर्थात तिशीच्या आतबाहेर असलेल्यांसाठी. 2020 मध्ये 35 वर्षांचा असलेला खुल्या प्रवर्गातील उमेदवार 38 ची मर्यादा केव्हाच ओलांडून गेला आहे. 2023 ची सवलत संपली तेव्हा त्याच्यासाठी ते दार बंद झाले, आणि त्याचे पुढे काय होणार ह्याविषयी कोणत्याही शासन निर्णयात अवाक्षर नाही.