स्तनदा माता आणि नवी लस : परवानगी आली, खुलासा आला नाही

16 जानेवारी 2021 रोजी देशात कोविड-19 च्या लसीकरणास आरंभ झाला. त्या वेळी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना दिलेल्या सूचनांत असे म्हटले होते की, गर्भवती व स्तनदा मातांवर ह्या लसींच्या चाचण्या झालेल्या नसल्यामुळे त्यांना तूर्त लस देऊ नये. पुढे 19 मे 2021 रोजी त्याच मंत्रालयाने सर्व स्तनदा मातांना लस देण्याची तज्ज्ञ गटाची शिफारस स्वीकारली. ह्या दोन तारखांमध्ये चार महिने व तीन दिवसांचे अंतर आहे आणि साथीची दुसरी, अधिक भीषण लाट नेमकी ह्याच अवधीत उसळली. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे घोषित केले, त्यालाही आता काळ लोटला. तरीही वाचकांनी ह्या चार महिन्यांकडे आमच्यासोबत पुन्हा एकदा पाहावे, अशी विनंती आहे. कारण नव्या लसी येतच राहणार आहेत.

हा विषय दिल्लीच्या परिपत्रकांपेक्षा मुक्ताईनगरसारख्या ठिकाणाहून अधिक स्पष्ट दिसतो. पूर्वीचे एदलाबाद ते आजचे मुक्ताईनगर. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, तापी-पूर्णेच्या संगमाचा हा तालुका. संत मुक्ताबाईंची पालखी येथून दरवर्षी पंढरपूरला पायी निघते. 2020 व 2021 ह्या दोन्ही वर्षी तिला एसटीच्या बसमधून जावे लागले. भोवताली केळीचे मळे आहेत. अशा मळ्यात मजुरीला जाणारी, चार महिन्यांचे मूल सासूबाईंपाशी ठेवून दुपारी पाजायला धावत घरी येणारी सून डोळ्यांसमोर आणावी. बाळंतपणापासून तिने पथ्य सांभाळले आहे. वातूळ खायचे नाही, थंड प्यायचे नाही, कारण आईने खाल्ले ते बाळाला बाधते, हे तिने आईकडून ऐकले आणि सासूकडूनही. अशा घरात दंडावर टोचलेली नवी लस दुधातून बाळाच्या पोटात जाईल काय, हा प्रश्न उठणे अगदी साहजिक होते. त्या प्रश्नाला ‘अफवा’ किंवा ‘अज्ञान’ म्हणून मोकळे होणाऱ्या सुशिक्षितांशी आम्ही सहमत नाही.

त्यांचा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही अपरिचित नाही. पीतज्वराची लस जिवंत, परंतु दुर्बळ केलेल्या विषाणूची असते. ब्राझीलमध्ये 2009 साली आईला ही लस दिल्यानंतर तिच्या तान्ह्या बाळाला मेंदूज्वर झाला व लसीतील विषाणू त्या बाळात सापडला. तेव्हापासून पाजणाऱ्या आईला ती लस शक्यतो देऊ नये, असा संकेत आहे. कोव्हिशिल्ड व कोव्हॅक्सिन ह्यांची गोष्ट मात्र वेगळी होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या कोव्हिशिल्डमध्ये शरीरात वाढू न शकणारा, बदल केलेला विषाणू वाहक म्हणून वापरला होता. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनमध्ये तर विषाणू मारलेलाच होता. असा विषाणू आईच्या देहात वाढून दुधातून बाळाला संसर्ग करील, ह्याला शास्त्रीय आधार नव्हता. ही चार वाक्ये मराठीत छापून प्रत्येक आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लावता आली असती. सासूबाईंनाही ती समजली असती.

त्याऐवजी लोकांपर्यंत जे पोहोचले ते असे. जानेवारीत कोव्हॅक्सिनसोबत प्रसिद्ध झालेल्या माहितीपत्रकात स्तनपान करणाऱ्या स्त्रीने ही लस घेऊ नये, असे होते. कोव्हिशिल्डच्या पत्रकात स्तनपान करीत असल्यास लस देणाऱ्यास तसे सांगावे, एवढेच होते. ‘चाचणी झालेली नाही’ हे एक विधान आहे आणि ‘अपाय होतो’ हे दुसरे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा भेद कोणी उलगडून सांगितला नाही, तर त्याला दुसरेच ऐकू येते. ब्रिटनमध्येही आरंभी पाजणाऱ्या मातांना वगळले होते; परंतु 30 डिसेंबर 2020 रोजी तेथील यंत्रणेने तो सल्ला बदलला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2021 मध्येच सांगितले होते की, लस घेण्याच्या गटात मोडणाऱ्या स्तनदा मातेला ती द्यावी आणि स्तनपान थांबवू नये. आपल्या मंत्रालयाची जानेवारीतील सावधगिरी आम्ही समजू शकतो. मे महिन्यापर्यंतचा विलंब मात्र समजू शकत नाही.

ह्या विलंबाची झळ प्रथम कोणाला बसली, ते पाहावे. पहिल्या टप्प्यात लस मिळणार होती ती आरोग्य कर्मचाऱ्यांना. म्हणजे परिचारिका आल्या, आशाताई आल्या, अंगणवाडीताई आल्या. सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी जाऊन लोकांचा ताप व प्राणवायूची पातळी मोजणाऱ्या ह्याच स्त्रिया. त्यांच्यापैकी जिच्या अंगावर मूल होते, तिने रोग्यांमध्ये वावरावे, इतरांना लसीसाठी केंद्रावर आणावे आणि स्वतः मात्र टोचून न घेता परत जावे, असा त्या नियमाचा सरळ अर्थ होता. तिला कामातून मोकळीक द्यावी, असे नियमाला सुचले नाही.

तिच्यापुढे आणखी एक वाट उघडी होती आणि ती अधिक घातक होती. मूल तोडावे, वरचे दूध सुरू करावे, मग लस घ्यावी. शहरातील सुस्थितीतल्या घरात ह्यामुळे कदाचित फारसे बिघडत नसेल. मुक्ताईनगरच्या वैशाखात, जेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळतो आणि प्यायचे पाणी हंड्यात साठवलेले असते, तेथे बाटली म्हणजे हगवणीला आमंत्रण. पावडरीचा डबा महाग, म्हणून ती पातळ कालवली जाते. बाटली उकळायला इंधन लागते, म्हणून ती नुसती विसळली जाते. एकदा आटलेले दूध परत आणणे कष्टाचे असते. 1992 साली आपल्या देशाने बाटल्या व दुधाच्या पावडरींच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी घातली, ती हे सारे जाणूनच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा महिन्यांखालील 63.7 टक्के बालके निव्वळ आईच्या दुधावर होती. हा आकडा वर न्यायला किती वर्षे लागली! लसीसाठी दूध थांबवण्याची मुळीच गरज नाही, हे वाक्य म्हणूनच पहिल्या दिवशी हवे होते. 

मे महिन्यात परवानगी आली, तेव्हा राज्यात लसच नव्हती. बहुतेक सर्व स्तनदा माता पंचेचाळिशीच्या आतल्या, आणि महाराष्ट्राने 18 ते 44 वयोगटाचे सरकारी लसीकरण तुटवड्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात थांबवले होते. शिवाय ह्या वयोगटाला आधी कोविन संकेतस्थळावर नोंदणी करणे आवश्यक होते. थेट केंद्रावर नोंदणीची मुभा 24 मे रोजी मिळाली, आणि 18 वर्षांवरील सर्वांना केंद्राकडून मोफत लस मिळू लागली ती 21 जूनपासून. स्वतःचा मोबाइल नसलेल्या सुनेच्या दृष्टीने 19 मेची घोषणा वर्तमानपत्रातच राहिली.

येथे एक अप्रिय गोष्टही नोंदवली पाहिजे. सगळ्यांचे लक्ष दुधाकडे होते. खरा विचार करण्याजोगा धोका दुसरीकडे होता. कोव्हिशिल्डच्या मूळ लसीनंतर रक्तात गुठळ्या होण्याचा अत्यंत विरळ विकार तरुणांमध्ये तुलनेने अधिक दिसल्याने जर्मनीने 30 मार्च 2021 रोजी ती साठ वर्षांवरील लोकांपुरती ठेवली. ब्रिटनने 7 मे रोजी चाळिशीच्या आतील लोकांना शक्यतो दुसरी लस देण्याचे ठरवले. आपल्याकडे 17 मे रोजी प्रसिद्ध झालेल्या शासकीय अहवालात हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे 0.61 इतके सांगितले होते. दुसरी लाट भोवती पेटलेली असताना इतका अल्प धोका पत्करणे शहाणपणाचे होते, असे आमचे मत तेव्हाही झाले असते व आजही आहे. परंतु हे माप त्या आईपुढे ठेवून, डोके असह्य दुखले, पाय सुजला तर लगेच या, एवढे सांगायला हवे होते. पुढे 2024 मध्ये मूळ कंपनीची न्यायालयातील कबुली गाजली, तेव्हा अनेकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. आधी सांगितले असते, तर तसे वाटले नसते.

सद्‌सद्विवेकाचा प्रश्नही आमच्या वाचकांपैकी काहींना पडला होता, कारण कोव्हिशिल्डच्या निर्मितीत अनेक दशकांपूर्वीच्या गर्भपातातून आलेल्या पेशींची साखळी वापरली जात होती. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने 21 डिसेंबर 2020 रोजी, दुसरा पर्याय नसेल तेथे अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य असल्याचे स्पष्ट केले. त्याच पत्रकात लस ऐच्छिक असावी असेही म्हटले होते. ह्या वाक्याची आठवण व्यासपीठांवरून फारशी झाली नाही. इच्छा म्हणावी तर आधी माहिती हवी.

सध्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व पॅनेशिया बायोटेक ह्यांच्या डेंग्यूच्या लसीचा विषय पुढे आहे. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीस ऑगस्ट 2024 मध्ये आरंभ झाला. ही लस जिवंत, दुर्बळ केलेल्या विषाणूंची आहे. म्हणजे दुधाचा प्रश्न येथे कोव्हिशिल्डपेक्षा अधिक खरा ठरेल. पावसाळ्यात डेंग्यू खानदेशाला नवा नाही. ही लस मंजूर झाली, तर पाजणाऱ्या मातांविषयी काय अभ्यासले, काय नाही, आणि त्यांनी थांबायचे असेल तर किती महिने, हे मराठीत छापून आशाताईंच्या हाती पहिल्या दिवशीच द्यावे, अशी मागणी जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी, महिला मंडळांनी व आपल्या धर्मग्रामांतील आरोग्यसेविकांनी आतापासूनच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी करावी.